बॅटरी संपली, म्हणून वस्तूही संपावी काय?

ट्रान्झिस्टर रेडिओ घरोघरी आला त्या काळी सेल संपणे ही काही मोठी घटना नव्हती. मागचे झाकण सरकवावे, वाण्याकडून आणलेले नवे सेल बसवावेत, की रेडिओ पूर्ववत बोलू लागे. आज त्याची जागा बऱ्याच अंशी ब्लूटूथ स्पीकरने घेतली आहे. यंत्र निःसंशय सुधारले. परंतु एका बाबतीत ग्राहक मागे ढकलला गेला. ह्या स्पीकरमधील बॅटरी क्षीण झाली, की बहुधा ती त्याला स्वतः बदलता येत नाही, आणि एरवी धडधाकट असलेले यंत्र भंगारात जाते.

लिथियम-आयन बॅटरी हा मुळातच झिजणारा भाग आहे. साधारणपणे ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होऊन रिकामी झाली, की तिची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. उष्णतेने ही झीज अधिकच वेगाने होते. स्पीकरचे चुंबक, पडदा व मंडल मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे काम देऊ शकतात. पुष्कळ स्पीकरांत १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा, सर्वत्र मिळणारा प्रमाणित सेलच असतो. पण स्क्रू रबरी पायांखाली दडवलेले, कवच गोंदाने चिकटवलेले आणि सेल पट्ट्यांनी जोडून टाकलेला. टायर झिजला म्हणून सायकल मोडीत काढण्याचाच हा प्रकार होय.

असे का घडते? जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले, की वस्तूचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर बाजारात चांगल्या मालाची पीछेहाट होते. दुकानात ग्राहकाला आवाज, रंग आणि किंमत पारखता येते. बॅटरी बदलता येईल की नाही, हे पारखता येत नाही. त्यामुळे उघडता येणारे कवच करण्यासाठी चार पैसे अधिक खर्चणाऱ्या उत्पादकाला त्याचा मोबदला मिळत नाही. १९२४ साली बड्या दिवा-उत्पादकांनी जिनिव्हा येथे संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरवले होते. आज अशा कराराचीही गरज उरलेली नाही.

उत्पादकांचे म्हणणे असे, की सुरक्षितता आणि जलरोधकता ह्यांसाठी बंद कवच आवश्यक आहे. ह्यात तथ्य नाही असे नाही. लिथियमचा सेल टोचला गेला किंवा त्याची टोके जुळली, तर आग लागू शकते. परंतु सेल गोंदातून उचकटावा लागतो, म्हणूनच तो टोचला जाण्याचा धोका वाढतो. संरक्षक मंडलासह स्वतंत्र आवरणात बसवलेली बॅटरी, चार स्क्रू आणि रबरी वॉशर एवढ्याने दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी साधता येतात. जलरोधक मनगटी घड्याळाचा सेल घड्याळजी बदलून देतोच की!

युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला सहज काढता व बदलता आल्या पाहिजेत. त्यासाठी उष्णता वा द्रावक वापरण्याची गरज पडू नये आणि सुट्या बॅटऱ्या किमान पाच वर्षे वाजवी किमतीत मिळाव्यात, अशीही तरतूद आहे. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्याच वर्षी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी समितीही नेमली. तथापि कचऱ्याची विल्हेवाट लावणे निराळे आणि तो होऊच न देणे निराळे.

भांडवल तुटपुंजे व श्रमशक्ती विपुल असलेल्या देशात दुरुस्ती हा केवळ काटकसरीचा नव्हे, तर रोजगाराचाही प्रश्न आहे. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथील कारागिरांपाशी कौशल्य आहे. हवा आहे तो उघडता येणारा माल आणि खात्रीचा सुटा भाग. म्हणून बॅटरी बदलता येते की नाही व ती केवढ्याला मिळेल, हे खोक्यावर छापणे सरकारने सक्तीचे करावे. तोवर ग्राहकांनी निदान खरेदीपूर्वी दुकानदाराला हा प्रश्न आवर्जून विचारावा. प्रश्नच विचारला गेला नाही, तर उत्तर देण्याची निकड उत्पादकाला कधीच भासणार नाही.