रिम सांगून फुटते

गेल्या रविवारी दौलताबादच्या घाटात आमच्यातल्या एका तरुणाच्या सायकलची पुढची रिम फाटली. कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावले, याचा आनंद आहेच. पण त्यानंतर जे ऐकले त्याने माझे डोके तापले आहे. ‘नशीब खराब.’ ‘खड्ड्यात आदळली असेल.’ ‘हल्ली मालच बोगस येतो.’ यातले एकही कारण खरे नाही. त्या रिमने आधी सूचना दिली होती, पुन्हा पुन्हा दिली होती. ती कोणी घेतली नाही, एवढेच घडले.

खुलताबादहून परतताना कागजीपुरा मागे पडला की उतार सुरू होतो आणि खाली तटबंदीतल्या दरवाजात रस्ता एका गाडीपुरता उरतो. समोरून बस आली की सगळ्यांना करकचून ब्रेक दाबावाच लागतो. त्यानेही दाबला. मोठा आवाज झाला आणि पुढचे चाक जागीच अडकले. सायकल उलटी करून पाहिली, तर रिमची डावी कड वीतभर लांब सुटून बाहेर लोंबत होती आणि ट्यूबच्या चिंध्या ब्रेकमध्ये गुंतल्या होत्या. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. ती पोस्टकार्डापेक्षा फार जाड नव्हती. ब्रेक जिथे घासतो तिथे चर पडल्यासारखा खोलगटपणा होता. आणि ब्रेकची रबरे मात्र कोरी होती! सायकल नुकतीच शहरातल्या एका दुकानातून सर्व्हिसिंग होऊन आली होती. ज्याने ती रबरे बसवली त्याची नजर त्या रिमपासून बोटभर अंतरावर होती. तरीही रिम पाहायची असते, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

तिथेच एक सीताफळवाले काका बसले होते. त्यांची जुनी काळी सायकल झाडाला टेकवलेली होती. फाटलेली रिम हातात घेऊन ते म्हणाले, “आमची रिम वाकती दादा, अशी फाटत नसती.” आठवडाभर मी या वाक्यावर विचार करतो आहे. या विषयातले सगळे शहाणपण त्यात आहे.

काकांची सायकल म्हणजे 28 बाय दीड इंचाच्या टायरची. रिम पोलादी, ब्रेक रॉडचा. पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 स्पोक, ही या घडणीची जुनी इंग्रजी पद्धत. रॉड ब्रेकची रबरे रिमला बाजूने चिमटा घेत नाहीत. ती आतल्या अंगाने, म्हणजे हबकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर, वर ओढली जातात. म्हणजे झीज होते ती एकीकडे आणि टायर धरून ठेवणारी कड असते ती दुसरीकडे. ब्रेकने कितीही घासले तरी टायरच्या पकडीला धक्का लागत नाही. त्यातून टायर जाड आणि हवा कमी दाबाची. खड्ड्यात आदळले की पोलाद वाकते. मग दगडावर ठेवून ठोकायचे, स्पोक ताणायचे, आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा आणि चालू लागायचे.

आता आमच्या तरुणाची सायकल पाहा. रिम ॲल्युमिनियमची, हलकी, आतून पोकळ. कॅलिपर ब्रेक दोन्ही बाजूंनी तिच्या भिंती दाबतो. याच भिंतींच्या वरच्या कडेला टायर अडकलेला असतो आणि टायरमधली हवा त्या भिंतींना दर चौरस इंचाला 80-90 पौंडांच्या रेट्याने बाहेर ढकलत असते. नव्या रिमची ही भिंत साधारण दीड मिलिमीटरची. प्रत्येक ब्रेक तिच्यातला थोडासा भाग खरवडून नेतो. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावरची खडीची भुकटी चिखलाबरोबर उडते, रबरात रुतते, आणि मग ते रबर राहत नाही, कानस होते. ओल्या रस्त्यावरून आल्यावर रिमवर जो काळपट राप दिसतो, त्यात रबर असते तशी तुमची रिमही असते. एक मिलिमीटरच्या खाली भिंत गेली की चाक बदलायचे, हा सर्वसाधारण संकेत. बदलले नाही तर एके दिवशी हवेचा रेटा जिंकतो. आणि तो बहुधा उतारावरच जिंकतो, कारण ब्रेक सर्वांत जोरात तिथे दाबला जातो आणि रिम तापून आतला दाबही तिथेच वाढतो.

काकांची सायकल चांगली आणि नवी वाईट, असे मी म्हणत नाही. पावसात पोलादी रिमवर ब्रेक किती उशिरा लागतो हे ज्यांनी अनुभवले आहे, ते परत त्या वाटेला जाणार नाहीत. ॲल्युमिनियमने सायकल हलकी केली, ओल्यात थांबवली. पण जुन्या घडणीत दोन कामे दोन जागी होती. नव्या घडणीत थांबवणे आणि टायर धरणे ही दोन्ही कामे एकाच भिंतीवर आली. अशी भिंत मोजत राहणे हा सायकल वापरण्याचाच भाग आहे. आपण नवी सायकल घेतली आणि सवय मात्र काकांच्या सायकलची ठेवली. वाकली तर बघू, ही ती सवय. ही रिम वाकून सावध करत नाही.

ती दुसऱ्या तऱ्हेने सावध करते. अनेक रिमांच्या ब्रेकपट्टीवर एक बारीक खाच किंवा छोटा खळगा कोरलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिमचे आयुष्य संपले. तो नसेल तर लोखंडी पट्टी ब्रेकपट्टीवर उभी धरा आणि मागे उजेड ठेवा. मधून प्रकाश दिसला तर भिंत खोलगट झाली आहे. स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या निपलच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा आहेत का, तेही पाहा. आणि ब्रेक दाबल्यावर चाकाच्या दर फेऱ्याला एकाच जागी धक्का बसू लागला, तर तिथे भिंत फुगायला लागली आहे असे समजून ताबडतोब हवा सोडा. आमचा तरुण पंधरवडाभर सांगत होता की ब्रेक लावला की चाक टकटक करते. सगळ्यांनी त्याला एकच सांगितले, आउट असेल.

वाटेत प्रसंग आलाच तर एक भेद पक्का लक्षात ठेवा. वाकलेली रिम घरी आणता येते, फाटलेली आणता येत नाही. खड्ड्यात चाक वाकले तर ब्रेकची पकड सैल करा, हवा थोडी कमी करा, चाक ज्या बाजूला झुकले आहे त्या बाजूचे स्पोक निपल चावीने थोडे सैल करा, समोरच्या बाजूचे तितकेच आवळा. चाक चिमट्यातून सुटेल इतके सरळ झाले की पुरे. मग दुसऱ्या ब्रेकवर सावकाश घर गाठा. पण भिंत फाटली असेल किंवा चीर दिसत असेल, तर नवी ट्यूब घालून हवा भरण्याचा मोह टाळा. सायकल टेम्पोत टाका. चालत्या सायकलवर पुढची रिम गेली तर पुढचा ब्रेक सोडा, अंग मागे घ्या, मागच्या ब्रेकवर थांबा. निपल चावी खिशात ठेवा, हे मी या जागी लिहीत आलो आहे आणि लिहीत राहणार आहे.

ती चावी चालवणारे हात मात्र शहरात झपाट्याने कमी होत आहेत. आउट काढून द्या म्हटले की ‘चाकच नवीन टाका’ हे उत्तर मिळते. 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलस सायकलींचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. माझ्या मते तो कारखाना बंद पडणे आणि कोपऱ्यावरचा कारागीर उठणे या वेगळ्या गोष्टी नाहीत. साधी सायकल दुरुस्त करण्यालायक वस्तू आहे हा विश्वासच आपण सोडला. आणि हे घडते आहे कुठे? ज्या गावाचे पोट वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांवर चालते तिथे. इथल्या शेडमध्ये व्हर्नियर कॅलिपर हातात न घेतलेला कामगार शोधावा लागेल. मोटारसायकलच्या ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली ती वापरायची नाही. सायकलची रिम हीसुद्धा ब्रेकची डिस्कच आहे. तिला मोजायला याच गावात कोणी नसावे, याचा मला मनापासून राग येतो.

‘डिस्क ब्रेक घ्या, प्रश्न मिटला’ असे काही वाचक म्हणतील. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर घ्यावा. पण राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून ज्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, त्यांचे काय? 125 तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे, आणि तिचे आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. योजना उत्तम आहे. मुलगी शाळेत टिकते ती त्या दोन चाकांवर. म्हणून माझी मागणी साधी आहे. सायकलीबरोबर वर्षातून एकदा शाळेच्या आवारात तपासणी द्या. आयटीआयच्या मुलांना चाक बांधायला आणि रिम मोजायला शिकवा, आणि तेच काम त्यांना पैसे देऊन करू द्या. आणि दुकानदारांनी सर्व्हिसिंगच्या पावतीवर रिमची जाडी लिहायला सुरुवात करावी. मिलिमीटरमध्ये, सहीनिशी. ज्या पावतीवर तो आकडा नसेल त्या सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका.