चकाकतं ते ओरिजिनल नसतं

मंडळी, गेल्या आठवड्यात कनेरगाव नाक्याला घरी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर विषय निघाला आजोबांच्या फियाटचा. 1968 सालची, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली, फिकट निळी. तिला यंदा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायचं घाटतंय. "त्याआधी एकदा मस्त रंगवून घे, अगदी ओरिजिनल दिसेल," असा मोठ्या काकांचा हुकूम सुटला. मी नाही म्हटलं. काका रुसले. समोरासमोर धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मुळात "रंगवून ओरिजिनल" म्हणजे काय, हेच मला कळत नाही. मूळ रंग कारखान्यात एकदाच लागतो. तो खरवडला की संपला. नंतर लावाल तो फार तर मुळाबरहुकूम. आजोबांच्या हातचं पत्र आणि आपण सुवाच्य अक्षरात काढलेली त्याची नक्कल, एवढा फरक आहे दोन्हींत. नक्कल करणं वाईट नाही. तिला अस्सल म्हणून पुढे करणं वाईट.

काकांना तरी कशाला दोष द्या? ही सवय परीक्षकांनी लावली. मी चार-पाच प्रदर्शनं पाहिली. परीक्षक येतात, बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा दिसतो का बघतात आणि गुण देऊन पुढे सरकतात. एका ठिकाणी एका वयस्कर गृहस्थांच्या गाडीचा उजव्या दारावरचा रंग विरला होता, वर्षानुवर्षं कोपर टेकून. त्यांचे गुण कापले! शेजारच्या आरशासारख्या गाडीला बक्षीस.

गंमत बघा. तो आरसा त्या काळचा नव्हेच. आज गॅरेजात टू-के रंग मारतात, किंवा रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर देतात. ही क्लिअर कोटची पद्धत जगभर रुळली 1980 च्या दशकात. 1968 च्या साध्या घरगुती गाडीवर असा काचेचा थर येणार कुठून? तिच्या रंगाची चमक मऊ, आणि जवळून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखी बारीक उठावाची. म्हणजे ज्या झळाळीसाठी गुण दिले, तीच रंग मूळ नसल्याचा पुरावा!

खरी परीक्षा बॉनेटवर होतच नाही. डिकीच्या रबराखाली बघा, दाराच्या कडा बघा, डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. रबरावर फवारा उडालाय का? टेप चिकटवल्याची सरळ रेघ राहिलीय का? रंगाची जाडी मोजायचं हातात मावणारं यंत्रही मिळतं. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन भरतो, वरून पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट, आणि खाली लांबी भरली असेल तर आकडा हजाराच्याही पुढे जातो. पण यंत्र जाडी सांगतं, वय नाही. पत्रा उघडा करून बेताने रंग मारला तर ते सहज फसेल. म्हणून जुने फोटो, कागद आणि मालकाचा प्रामाणिक शब्द, हे सगळं मागायला हवं.

"मग काय गंजू द्यायची?" असं काकांनी विचारलंच. नाही हो! गंज थांबवायचा, तेवढाच तुकडा रंगवायचा आणि काय केलं ते लिहून ठेवायचं. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिच्या 2012 च्या ट्युरिन सनदेचा रोखही हाच आहे. तिथे जपणं आधी, नव्याने घडवणं नंतर. आपल्याकडे 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नोंदणीचे नियम केले. त्यांत मूळ रूप राखण्याची अट घालताना चासी, बॉडी आणि इंजिनात बदल नकोत असं म्हटलंय. रंगाची राखण मात्र उरते आपल्या शहाणपणावर.

इतकं लांब तरी कशाला जा? आपल्या औंढ्याला नागनाथाच्या देवळात खालचं कोरीव दगडी काम जुनं आणि वरचा भाग नंतर बांधलेला. फरक उघड दिसतो, कुणी लपवलेला नाही. म्हणून दोन्हींचा मान राहतो.

तेव्हा परीक्षकांना एवढंच सांगणं, की जपलेल्या गाड्या आणि नव्याने घडवलेल्या गाड्या यांचे गट वेगळे ठेवा. घडवलेल्या गाडीला मुळाबरहुकूम छटेचे आणि पोताचे गुण द्या, आणि कारखान्यापेक्षा जास्त चमकली तर ते कापा. ज्यांनी काही केलं नाही, त्यांना त्या न करण्याचेही गुण द्या.

आता माझं पाप. पंधरा वर्षांपूर्वी डिकीचं झाकण मीच हौसेने रंगवून घेतलं होतं. आजोबा त्यावर गाठोडी ठेवून दोरीने आवळायचे, तिचे वळ रंगात उमटले होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो. गॅरेजवाल्याने सांगितलेलं काम चोख केलं, सगळं घासून गुळगुळीत. आता तिथे हात फिरवला तर काहीच लागत नाही.

काका, म्हणून नाही म्हटलं. गाडी नेऊ, धुऊन-पुसून, आहे तश्शी. बक्षीस मिळालं नाही तर येताना वाशिमला थांबून चहा पिऊ. चहाचे पैसे माझे.