चौकट छोटी, आणि दोष मात्र रजिस्टरचा?

‘२०४८ बिटांचं रजिस्टर आज आहे कुणाकडे? मग आत्तापासून जागा कशाला ठेवायची?’ हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. विचारणारे हुशार असतात, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम हा हायपरवायझर आहे. क्यूएमूसारखा प्रोग्राम त्याच्याकडून आभासी प्रोसेसरची रजिस्टरं वाचतो आणि परत भरतो. चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलतं ते याच वाटेनं. वाटेत रजिस्टरचा तुकडा सांडला तर मशीन बंद पडेलच असं नाही. ते चालत राहील आणि चुकीची उत्तरं देत राहील. मला भीती आहे ती याची.

इंटेल-एएमडीच्या बाजूला काय झालं पाहा. तिथे या मोठ्या रजिस्टरांच्या साठ्यासाठी ४०९६ बाइटची ठरलेली चौकट होती. पुरेल असं वाटलं होतं. मग इंटेलचं एएमएक्स आलं. त्याच्या नुसत्या टाइल्सच ८१९२ बाइटच्या! जुनी चौकट मोडता येईना, कारण तिच्यावर विसंबून प्रोग्राम लिहिले गेले होते. शेवटी २०२२ साली लिनक्स ५.१७ मध्ये शेजारी दुसरा दरवाजा काढावा लागला.

आर्मच्या बाजूला मात्र प्रत्येक रजिस्टरच्या ६४ बिटी ओळखक्रमांकातच त्याचा आकार लिहिलेला असतो. त्यासाठी चार बिट राखलेले आहेत. एसव्हीई आलं, सदिशाची लांबी १२८ पासून २०४८ बिटांपर्यंत गेली, तेव्हा २०४८ साठी आकाराची एक नवी किंमत जोडणं पुरलं. २०१९ साली लिनक्स ५.२ मध्ये ते आलं. जुन्या कुणाचंही काही मोडलं नाही.

‘पण वाया जाणारी मेमरी?’ हिशेब करू. बत्तीस सदिश रजिस्टरं, प्रत्येकी २५६ बाइट, म्हणजे ८ केबी. फुगाकू महासंगणकाची रजिस्टरं ५१२ बिटांची आहेत, म्हणजे तीन चतुर्थांश जागा रिकामी, हे कबूल. पण गिगाबाइटं खाणाऱ्या मशीनसाठी ६ केबीचं रडगाणं कुणी गाऊ नये.

अर्जाच्या छापील चौकटीत नाव मावलं नाही की कारकून नाव कापतो, चौकट वाढवत नाही. आपण इंटरफेस लिहिणारे असे कारकून होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.