कुत्र्याची छत्री? नव्हे, भूछत्र!

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा बालदमा किंवा लसीकरण यांवरील लेख त्यांना अपेक्षित असणार, हे उघड होते. त्याऐवजी मी भूछत्रांवर लिहीत आहे, याबद्दल आरंभीच वाचकांची क्षमा मागतो. पावसाळ्यातील रविवारी मावला तलावाकाठी किंवा कुंटाला धबधब्याच्या वाटेवर गुडघे चिखलात रोवून, कॅमेरा जमिनीला टेकवून बसलेले हे डॉक्टर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. ‘कव्वालचे वाघ सोडून कुत्र्याच्या छत्र्यांचे कसले फोटो काढता?’ हा प्रश्न आता माझ्या चांगल्याच परिचयाचा झाला आहे. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या मराठीत अळंबी आणि भूछत्र असे सुंदर शब्द असूनही बोलताना तोंडी येते ती ‘कुत्र्याची छत्री’. या नावातच तुच्छता आहे, म्हणून ती दिसली की मुले लाथ मारतात आणि मोठी माणसे हसतात. आपल्या शेजारची तेलुगू भाषा मात्र तिला ‘पुट्टगोडुगु’ म्हणते. पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री. वारुळावरची छत्री! या एका शब्दात केवढे निरीक्षण साठले आहे, हे मला फार उशिरा उमगले.

आपल्या भागात पावसाच्या पहिल्या सरींनंतर वारुळावर जी पांढरी छत्रे उगवतात, त्यांचे शास्त्रीय कुळ टर्मिटोमायसिस. वारुळाच्या पोटात वाळवी चक्क शेती करते. पालापाचोळा व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेचे ती स्पंजासारखे वाफे रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. वाळवीला जे लाकूड नीट पचत नाही, ते बुरशी पचवून देते. त्या बदल्यात बुरशीला ऊब, ओल आणि संरक्षण मिळते. मनुष्याने शेती सुरू केली त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. पावसाळ्यात तीच बुरशी मुळासारखा लांब दांडा वर पाठवते आणि एका रात्रीत छत्री उघडते. आपल्याला दिसते ते केवळ फळ. झाड म्हणावे ते सारे जमिनीखाली असते.

दुसरे एक चित्र सांगतो. शेणावर किंवा कुजक्या लाकडावर नखाएवढ्या वाटीत मसुरीच्या दाण्यांसारखी ‘अंडी’ ठेवलेली दिसतात. हे सायाथस, म्हणजे पक्ष्याच्या घरट्यासारखे भूछत्र. त्या वाटीचा आकार असा नेमका असतो, की पावसाचा टपोरा थेंब आत पडला की दाणे उसळून हातभर दूर जाऊन पडतात. बीजप्रसारासाठी पावसाच्या थेंबालाच कामाला लावणारी ही योजना पाहण्यासाठी मी एकदा छत्री धरून तासभर बसलो होतो. घरी परतल्यावर सौभाग्यवतींची बोलणी खाल्ली. पण तो तास मी विसरलेलो नाही.

आपण डॉक्टर मंडळी बुरशीला ओळखतो ती शत्रू म्हणून. तान्ह्या बाळाच्या तोंडातले पांढरे चट्टे, शाळकरी मुलांचे गजकर्ण आणि २०२१ मध्ये कोरोनापाठोपाठ आलेला म्युकरमायकोसिस. परंतु १९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिन मिळाले ते बुरशीतूनच. मूत्रपिंड रोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन बुरशीतले आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनचा उगमही बुरशीतलाच. ज्या कुळाने आपली अर्धी पेटी भरली, त्याच्याकडे वाकून पाहण्याएवढे कुतूहल आपल्यापाशी असू नये काय?

कुतूहलाचा हा प्रश्न माझ्यासाठी केवळ छंदाचा नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका खेड्यातून दोन भावंडांना माझ्याकडे आणले होते. पहाटेपासून उलट्या व जुलाब. पाणी कुठले प्यायले, बाहेरचे काही खाल्ले का, हे नेहमीचे प्रश्न मी विचारले, सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी दोघेही खाटेवर खेळू लागली आणि मी समाधानाने त्यांना घरी पाठवले. त्यानंतरच्या रात्री ती परत आली. डोळे पिवळे, धाकटी मुलगी गुंगीत. तेव्हा आई म्हणाली, ‘साहेब, खायच्या छत्र्या समजून रांधल्या होत्या. आदल्या सांजेला.’ मुलगा वाचला. मुलीला नागपूरला हलवले. ती परत आली नाही. ते भूछत्र कोणते होते, हे कधीच कळले नाही. मी विचारले नव्हते आणि विचारले असते तरी मला ओळखता आले नसते.

पुस्तकात मी शिकलो होतो, की अ‍ॅमॅनिटासारख्या काही भूछत्रांतील विष पेशीतील आरएनए घडवणारे विकर बंद पाडते. उलट्या सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, मग एक फसवा आराम पडतो आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. शिकलो होतो, पण आठवले नाही. कॅमेरा मी घेतला तो त्यानंतर. प्रथम केवळ ओळख पटावी म्हणून. विस्मय मागाहून आला आणि मग राहिला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की भूछत्रांची छायाचित्रे काढणे हा आपल्या जिल्ह्यात रिकामपणाचा उद्योग नाही. मात्र छायाचित्र नुसते वरून काढू नये. केवळ चेहरा पाहून आपण रोगनिदान करीत नाही. छत्रीच्या खालच्या पाकळ्या, दांड्यावरील कडे, मातीतले बूड आणि आसपासची जागा, हे सारे हवे. छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, तर बीजुकांचा ठसा उमटतो. वारुळावरच्या छत्रीचा ठसा गुलाबीसर येतो. कुरणात उगवणाऱ्या व तीव्र उलट्या घडवणाऱ्या क्लोरोफायलमचा हिरवट. त्याच क्लोरोफायलमच्या पाकळ्या कोवळेपणी पांढऱ्या असतात आणि घात तेथेच होतो.

इतकी ओळख झाली तरी चित्रावरून किंवा मोबाईलने सांगितलेल्या नावावरून भूछत्र खाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते, किड्याने खाल्लेले ते माणसाला चालते, या समजुती खोट्या आहेत; अ‍ॅमॅनिटाचे विष शिजवूनही जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील भूछत्रे खाऊन तेरा जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. आपणा वैद्यकीय व्यावसायिकांसाठी एवढेच: पावसाळ्यात उलट्यांचे मूल आले, तर ‘छत्र्या खाल्ल्या का, केव्हा, आणखी कोणी खाल्ल्या?’ हे विचारावे. खाल्ल्यानंतर सहा तासांनी उलट्या सुरू झाल्या असतील, तर मूल हसू लागले तरी घरी पाठवू नये आणि यकृताच्या व रक्त गोठण्याच्या तपासण्या पुढील दोन-तीन दिवस करीत राहाव्यात. उरलेली भाजी, फेकलेले देठ जपून ठेवण्यास सांगावे. निदान मोबाईलवर चित्र मागवावे.

एक सूचना करून थांबतो. उटनूर, इंद्रवेल्लीच्या गोंड व कोलाम भगिनींना खाण्याजोगे भूछत्र कोणते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र रानाशी नाते तुटलेल्या घरांतून ही विद्या झपाट्याने हरवत चालली आहे. आपल्या संस्थेने या जाणत्या भगिनींच्या मदतीने जिल्ह्यातील भूछत्रांचा एक सचित्र संग्रह करावा. नावे मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चारही भाषांत द्यावीत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व शाळेत त्याची एक प्रत ठेवावी. माझ्याजवळची सर्व छायाचित्रे मी आनंदाने देईन.

आणि येत्या मृगात आपल्या नातवंडांना घेऊन एकदा रानात चलावे. भूछत्राकडे पाहायचे तर मोठ्यांना वाकावे लागते. मुलांची नजर मात्र आधीच त्या उंचीवर असते. चाळीस वर्षांच्या अभ्यासानंतरही मला जे दिसत नाही, ते कित्येकदा माझ्या सोबतच्या पाच वर्षांच्या सवंगड्याने मला दाखवले आहे.