घोडचुकीनंतरची खेळी

नाहूर हे मुंबईच्या मध्य रेल्वेवरील, भांडुप आणि मुलुंड यांच्यामधील एक लहानसे स्थानक आहे. त्याच्या आसपासच्या एखाद्या वसाहतीत, रविवारच्या दुपारी, बारा वर्षांची एक मुलगी शेजारच्या मुलाबरोबर बुद्धिबळाचा डाव खेळत बसली आहे, अशी कल्पना करावी. तासभर तिने डाव मोठ्या कौशल्याने सांभाळला आहे. एक हत्तीही तिच्याकडे अधिक आहे. विजय आता दूर नाही, या आनंदात ती आपला वजीर पुढे सरकवते आणि हात मागे घेते. त्याच क्षणी तिच्या ध्यानी येते, की त्या घरावर समोरच्या घोड्याचा मारा आहे. वजीर गेला! तिचे कान तापतात, डोळ्यांपुढचा पट धूसर होतो, आणि पुढच्या पाच मिनिटांत उरलेला डावही ती घालवून बसते. मोहरे पेटीत भरताना ती पुटपुटते, “मला काही येतच नाही. आता पुन्हा खेळायचे नाही.”

वास्तविक वजीर गेल्यावरही तिच्यापाशी तो अधिकचा हत्ती होता. डाव कठीण झाला होता, पण संपला नव्हता. तो संपला तो पुढच्या पाच मिनिटांत. त्या दुपारी तिने केवळ एक डाव गमावला असता, तर त्यात विशेष काही नव्हते; परंतु ती एक आवडता खेळच गमावण्याच्या बेतात आहे, आणि ही हानी मात्र फार मोठी आहे.

अशा चुकीला मराठीत ‘घोडचूक’ असा अर्थपूर्ण शब्द आहे. त्यातील ‘घोड’ म्हणजे पटावरचा घोडा नव्हे. थोराड वयाच्या नवरदेवाला जसे ‘घोडनवरा’ म्हणतात, तसेच येथे ‘घोड’ हे चुकीचे मोठेपण दाखविते. ही चूक केवळ नवशिक्यांकडूनच होते, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो खरा नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये जर्मनीतील बॉन शहरी रशियाचा व्लादिमीर क्रामनिक हा जगज्जेता ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकाच्या कार्यक्रमाविरुद्ध सहा डावांचा सामना खेळत होता. दुसऱ्या डावात त्याने वजिराची एक खेळी केली आणि पुढच्याच खेळीला त्याच्या राजावर मात झाली. एका खेळीत होणारी मात शाळेतली मुलेही ओळखतात. ती जगज्जेत्याला दिसली नाही! परंतु या कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्यानंतरचे तिन्ही डाव क्रामनिकने बरोबरीत सोडविले. सामना तो अखेर हरला. पण त्या एका चुकीने त्याला लगोलग आडवे केले नाही.

म्हणून विचार करावयाचा तो असा, की डाव बहुधा कशाने जातो? पहिल्या चुकीने पुष्कळदा डाव बिघडतो. परंतु तो हातचा जातो तो तिच्या मागोमाग येणाऱ्या दुसऱ्या चुकीने. चूक झाल्यावर खेळाडूचे शरीर पटासमोर असते, पण मन मागच्या खेळीपाशी रेंगाळते. ‘मी तसे का केले?’ हा प्रश्न तो स्वतःला पुनःपुन्हा विचारतो, आणि ‘आता काय करावे?’ हा प्रश्न विचारावयाचे विसरतो. गेलेले एका झटक्यात परत मिळवावे, अशी घाई त्याला सुटते आणि तो नसते साहस करतो. नाहूरच्या फलाटावर एखाद्याची गाडी सुटली, तर तो रुळांवरून तिच्यामागे धावत नाही. तो मागून येणाऱ्या गाडीकडे डोळे लावतो. पटावर मात्र शहाणी माणसेही सुटलेल्या गाडीमागे धावताना दिसतात.

यावर उपाय अवघड नाही. चूक कळताच दोन्ही हात मांडीवर ठेवावेत. कारण हात लागलेला मोहरा खेळावाच लागतो, आणि रागावलेला हात फार उतावीळ असतो. दोन-चार दीर्घ श्वास घ्यावेत. मग हा डाव आताच कोणीतरी आपल्या स्वाधीन केला आहे, असे समजून पट नव्याने पाहावा. आपला राजा सुरक्षित आहे काय? आपल्यापाशी कोणते मोहरे उरले आहेत? प्रतिपक्षाचा बेत काय आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले, की मन आपोआप वर्तमानात परत येते. शिवाय समोरचा खेळाडूही माणूसच असतो. अकस्मात हाती आलेल्या लाभाने तोही बेसावध होण्याचा संभव असतो.

काही वडीलधारी माणसे मुलांची समजूत घालताना म्हणतात, “अरे, खेळच तो! त्यात रडायचे काय?” त्यांचा हेतू चांगला असतो, पण म्हणणे बरोबर नाही. ज्या गोष्टीवर आपण मनापासून श्रम केले, ती बिघडली तर वाईट वाटणारच. ज्याला काहीच वाटत नाही, त्याचे त्या खेळावर प्रेम नाही, असेच म्हणावे लागेल. दुःख दडपू नये. मात्र त्याला त्याची वेळ नेमून द्यावी. घड्याळ चालू आहे तोपर्यंत डाव खेळावा. डाव संपल्यावर, रडू आले तर खुशाल रडावे. आणि दुसऱ्या दिवशी, मन निवळल्यावर, खेळींची नोंद केलेला कागद उघडून चूक कोठे झाली ते पाहावे. ‘माझी ही खेळी चुकली’ आणि ‘मी निर्बुद्ध आहे’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत. पहिल्या वाक्यातून विद्या वाढते. दुसऱ्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

महाराष्ट्रातील नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांचा दाखला या बाबतीत बोलका आहे. २०२३ साली आइल ऑफ मॅन बेटावर ‘ग्रँड स्विस’ ही अकरा फेऱ्यांची मोठी स्पर्धा झाली. पहिल्याच फेरीत नेदरलंड्सच्या एर्विन लामी याने विदित यांचा पराभव केला. आरंभीच असा घाव बसल्यावर ‘ही स्पर्धा आपली नव्हे’ असे कोणालाही वाटले असते. विदित मात्र एकेक डाव स्वतंत्र मानून खेळत राहिले आणि अकरापैकी साडेआठ गुण मिळवून त्यांनी ती स्पर्धा जिंकली.

या विजयामुळे एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या स्पर्धेत त्यांना स्थान मिळाले. तेथील तीन फेऱ्या ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. सातव्या फेरीत चेन्नईचे सतरा वर्षांचे डी. गुकेश हे फ्रान्सच्या अलीरझा फिरूझाकडून हरले. आठव्या फेरीत त्याच गुकेश यांनी विदित यांना हरविले. आणि नवव्या फेरीत विदित यांनी अमेरिकेच्या हिकारू नाकामुरासारख्या बलाढ्य खेळाडूवर मात केली. हरलेला प्रत्येक जण पुढच्या डावाला नव्या मनाने बसला होता. ती स्पर्धा गुकेश यांनी जिंकली; विदित यांना ती जिंकता आली नाही. मन सावरले की बक्षीस मिळतेच, असे नाही. पण मन सावरले नाही, तर पुढचा डाव खेळण्यापूर्वीच हरलेला असतो.

आणि चूक सावरण्यास अवसरच उरला नाही तर? १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे गुकेश आणि चीनचे जगज्जेते डिंग लिरेन यांच्यातील चौदावा डाव चालू होता. दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा असे समान होते. पंचावन्नाव्या खेळीला डिंग यांनी आपला हत्ती अशा घरी नेला, की हत्तींची आणि पाठोपाठ उंटांची अदलाबदल अटळ झाली. उरलेल्या प्याद्यांच्या डावात गुकेश यांचे एक प्यादे अधिक होते. एका खेळीने डाव गेला, आणि डावाबरोबर जगज्जेतेपदही गेले. डिंग यांनी प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन केले, आणि नंतर पत्रकारांपुढे आपल्याला खंत नसल्याचे सांगितले. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेते झाले, हे जग विसरणार नाही. परंतु त्या दिवशी डिंग यांनी दाखविलेली शालीनताही विसरण्यासारखी नाही.

नाहूरच्या त्या मुलीने मोहरे पेटीत भरले आहेत. तिने आज संध्याकाळी हवे तर कोणाशी बोलू नये. पण उद्या तिने ती पेटी उघडावी, वजीर ज्या घरावर गेला ते घर एकदा नीट पाहावे, आणि मग सर्व मोहरे पुन्हा आपापल्या जागी मांडावेत. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे आहेत. पण मागे जाऊन केलेली खेळी पुसता येईल, असे घर त्यांत एकही नाही. पुढची खेळी मात्र, डाव चालू आहे तोपर्यंत, आपल्याच हाती असते.