चांदी जाणार, मग दाढेत काय भरायचं?

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
असोसिएशन ऑफ डेंटल इंडस्ट्री अँड ट्रेड ऑफ इंडिया, अर्थात ‘अदिती’



मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. दातांच्या खुर्चीपासून कवळीच्या अ‍ॅक्रिलिकपर्यंत माझ्या दवाखान्यात जे जे लागतं, ते बनवणारे, आयात करणारे आणि विकणारे लोक तुमच्या संघटनेत आहेत. दर डिसेंबरात दिल्लीत भरणारं तुमचं ‘एक्स्पोडेंट’ देशभरच्या दंतवैद्यांना ठाऊक आहे. सरकारदरबारी कर, परवाने, आयातीचे नियम यांवर उद्योगाची बाजू तुम्हीच मांडता. म्हणून हे पत्र दंतवैद्यांच्या संघटनेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. प्रश्न मालाचा आहे, आणि माल तुमच्याकडे आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये जिनिव्हाला, पाऱ्याला आवर घालणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांची सहावी परिषद झाली. दातांत भरायच्या अमाल्गमचा, म्हणजे आपण जिला ‘चांदी’ म्हणतो तिचा, वापर 2034 पर्यंत संपवायचा, असं तिथे ठरलं. भारताने हा करार 2018 सालीच मंजूर केला आहे, म्हणजे ही मुदत आपल्यालाही आहे. त्याआधी 2022 च्या परिषदेने सुटा पारा दवाखान्यात वापरू देऊ नये असं म्हटलं होतं. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्या दातांत अमाल्गम भरू देऊ नये, निदान भरू नये असा सल्ला तरी द्यावा, असंही तेव्हाच ठरलं. युरोपीय संघाने तर काही अपवाद सोडून 1 जानेवारी 2025 पासून अमाल्गम बंदच केलं.

निर्णय योग्य आहे. अमाल्गमच्या वजनात जवळपास निम्मा पारा असतो. भरलेली चांदी पेशंटला सहसा बाधत नाही, पण पारा हाताळणाऱ्या असिस्टंटचं काय, आणि जुनी चांदी काढताना गटारात जाणाऱ्या चुऱ्याचं काय, याचं उत्तर आपल्या व्यवसायाने कधी नीट दिलेलं नाही. मिनामाता या जपानी गावात लोकांनी मासळीतून पारा खाल्ला आणि त्यांच्या पोटातल्या लेकरांनीही तो भोगला. त्या गावाच्या नावाने झालेल्या कराराला माझा विरोध असण्याचं कारण नाही. मला काळजी आहे ती 2034 नंतर माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाची.

दीडशेहून अधिक वर्षं जुनी ही चांदी आमच्याकडे का टिकून राहिली, ते सांगते. किडलेली दाढ साफ केली, चांदी दाबून भरली, तासाभराने पेशंट बसस्टँडवर. थोडी लाळ आली तरी ती सांभाळून घेते. तिला लाइट लागत नाही, म्हणजे ऐन वेळी वीज गेली तरी काम अडत नाही. नीट भरलेली चांदी दहा-पंधरा वर्षं सहज चालते. शेतमजुरी करणाऱ्या बाईला एक दिवसाची मजुरी बुडवून यायचं असतं. दुसऱ्यांदा ती येणार नाही, हे तिलाही माहीत असतं आणि मलाही. एकाच बैठकीत होणारं, स्वस्त आणि टिकाऊ असं काम चांदीने आजवर करून दिलं.

तिची जागा कॉम्पोझिट घेईल, असं सगळे गृहीत धरून चालले आहेत. दातासारखा रंग, लाइटने घट्ट होणारा मसाला, दिसायला सुरेख. पुण्या-मुंबईत ते उत्तम चालतं. पण त्याला दात पूर्ण कोरडा लागतो, बाँडिंगच्या पायऱ्या लागतात, थर देत देत प्रत्येक थरावर लाइट मारावा लागतो, आणि एवढा वेळ पेशंटला तोंड मोठं उघडून बसावं लागतं. इथेच विदर्भातलं आमचं दुखणं सुरू होतं. इथे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, गाल ताठरतात आणि तोंड उघडेनासं होतं. दोन बोटं जेमतेम आत जातील अशा तोंडात शेवटच्या दाढेपर्यंत लाइटचं टोक पोचवायचं कसं? दात कोरडा ठेवायचा रबर डॅम तर दूरच. तिशीतले पोरगे असं तोंड घेऊन येतात, आणि दाढ वाचवण्यापेक्षा ती काढणं सोपं ठरतं, कधी तेही कठीण जातं.

दुसरी अडचण पाण्याची. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. ते ओलांडणारं पाणी लहानपणापासून प्यालेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे, मग तपकिरी डाग पडतात. अशा दाताच्या वरच्या थरावर नेहमीची आम्लाची प्रक्रिया नीट होत नाही, आणि त्यामुळे बाँडिंगची पकडही कच्ची राहते. तुमच्या सदस्य कंपन्यांची माहितीपत्रकं निरोगी दातावर केलेल्या चाचण्यांचे आकडे देतात. फ्लोरोसिस झालेल्या दातावर हा मसाला किती टिकतो, हे त्यांत मला कधी वाचायला मिळालं नाही. देशात फ्लोराइडची समस्या असलेली राज्यं बरीच आहेत. ही चाचणी जर्मनीतली किंवा जपानमधली कंपनी आपल्यासाठी करणार नाही.

तिसरी अडचण उन्हाची. कॉम्पोझिटच्या आणि बाँडिंगच्या डब्यांवर साधारण पंचवीस अंशांच्या आत ठेवा, असं छापलेलं असतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नागपूरहून निघालेलं पार्सल एखाद्या टेम्पोत, मग कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-दोन दिवस तापत पडतं. डबा हातात येतो तेव्हा बाहेरून सगळं ठीक दिसतं. आतलं बाँडिंग शिजलं की काय, हे कळतं सहा महिन्यांनी, भरलेलं सुटून पेशंट परत आला की. आला तर! बहुतेक जण परत येत नाहीत. डॉक्टरीणबाईचं काम टिकत नाही, एवढंच गावात पसरतं.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. 1972 साली विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी ग्लास आयोनोमर सिमेंट जगापुढे मांडलं. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटतं, थोडा ओलावा सोसतं, फ्लोराइड सोडत राहतं. ऐंशीच्या दशकात टांझानियात फ्रेंकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या जोडीला आज वापरतात ती पद्धत उभी केली, तिला आपण एआरटी म्हणतो. ड्रिल नाही, वीज नाही. हाताच्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडायची आणि घट्ट प्रकारचं ग्लास आयोनोमर बोटाने दाबून भरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर आणि कीड थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड ही दोन्ही घेतली. आमच्याकडे शाळेत दात तपासणारं पथक येतं, किडलेल्या दाढांची मुलं निवडली जातात, चिठ्ठी मिळते, आणि मग बरीचशी मुलं कुठेच जात नाहीत. त्या मुलांच्या सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेसाठी यापेक्षा चांगलं साधन आज माझ्या माहितीत नाही.

मग अडतं कुठे? भावात, आणि दर्जात. चांगलं, घट्ट, चावताना न झिजणारं ग्लास आयोनोमर महाग आहे. स्वस्त मिळतं ते मोठ्या दाढेवर वर्षभरात झिजून जातं. भुकटी आणि द्रवाची बाटली मोठ्या पॅकमध्ये येते. द्रवाचं झाकण सैल राहिलं की पाणी उडून तो दाट होतो आणि उरलेली भुकटी वाया जाते. छोटं पॅक मागितलं तर डीलर म्हणतात, कंपनी काढत नाही. कॅप्सूलमधलं असतं, पण त्याला ढवळणारं यंत्र लागतं आणि एका दाढेचा खर्चही वाढतो.

स्वस्त आणि टिकाऊ ग्लास आयोनोमर छोट्या पॅकमध्ये देणं भारतीय उद्योगाला जमणार नाही, असं मी मानत नाही, कारण दुसऱ्या मालाच्या बाबतीत एकदा त्याने तसं करून दाखवलं आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या छायेत वाढलेल्या ‘डीपीआय’चं अ‍ॅक्रिलिक आणि माप घ्यायचं अल्जिनेट हातात घेऊन आमच्यासारख्या अनेकांनी शिक्षण पुरं केलं. आज गावातल्या म्हाताऱ्याला परवडेल अशी कवळी बसते, त्यात देशात बनलेल्या या साध्या मालाचा मोठा वाटा आहे. त्याची जाहिरात कोणी मोठ्या पडद्यावर केली नाही, पण जेवढ्या तोंडांना त्याने घास खायला दिला, तेवढ्या तोंडांपर्यंत इम्प्लांट कधी पोचणार नाही. ग्लास आयोनोमरच्या बाबतीत हेच व्हायला हवं, आणि ते 2034 च्या आत व्हायला हवं.

तुमच्या प्रदर्शनांबद्दलही थोडं बोलायचं आहे. तिथे येणारा तरुण दंतवैद्य स्कॅनर हातात धरून पाहतो, कॅड-कॅमवर कॅप कातताना बघतो. हे चांगलं आहे, त्याला जग कळतं. पण दालनांमागून दालनं फिरावीत, तर सगळीकडे इम्प्लांट, अलायनर, दात पांढरे करणारे लाइट. ‘पाचावर एक फ्री’च्या योजना तिथे जोरात असतात. त्यातला कितीतरी माल एक्सपायरीला जवळ आलेला असतो, हे दवाखान्यात परतल्यावर लक्षात येतं. खुर्ची घ्यायची तर सवलत भरपूर, पण तीच खुर्ची तालुक्याला बिघडली तर इंजिनिअर दीडशे किलोमीटरवरून कधी येईल, हे कोणी लिहून देत नाही. विक्रीनंतरच्या सेवेचा किमान दर्जा ठरवून तो पाळणाऱ्या सदस्यांचीच नावं प्रदर्शनाच्या पुस्तिकेत झळकवणं, एवढं तर संघटनेला सहज करता येईल.

करांचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून दंतवैद्यकीय उपकरणांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. टूथपेस्ट आणि टूथब्रशही त्याच दरात आले. मोठी गोष्ट आहे ही. लोकांना फारशी माहीत नसलेली एक बाब इथे सांगायला हवी: उपचारसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे आम्हाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दुकानदार तो पुढे ढकलतो, आमच्याकडे तो पेशंटच्या फीमध्येच बसतो. म्हणूनच कपातीचा प्रत्येक रुपया थेट दाढेच्या खर्चातून उतरायला हवा होता. काही मालाचे भाव उतरले, काहींची छापील किंमत गुपचूप सरकली. आपल्या सदस्यांनी कपात पुढे दिली की नाही, याचा हिशेब तुम्ही स्वतः जाहीर करावा. पुढच्या वेळी सरकारपुढे बसाल तेव्हा तोच कागद तुमची सर्वांत मोठी ताकद असेल.

परवान्यांच्या बाबतीत मात्र माझी भूमिका काहींना आवडणार नाही. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली, काही अपवाद वगळता, ‘अ’ आणि ‘ब’ गटांतल्या उपकरणांना ऑक्टोबर 2022 पासून, आणि ‘क’ व ‘ड’ गटांना ऑक्टोबर 2023 पासून परवाना बंधनकारक झाला. छोट्या उत्पादकांना कागदपत्रांचा जाच होतो, हे मी समजू शकते. त्यांना मदत मागा, फी कमी करून मागा, चाचण्यांसाठी सामायिक प्रयोगशाळा मागा. पण नियम सैल करून मागू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या फाइल्स रूट कॅनॉलमध्ये मोडतात, आणि मोडलेला तुकडा काढायला पेशंटला नागपूर गाठावं लागतं.

अजून एक काम फक्त उद्योगच करू शकतो. ओळखीच्या जुन्या दवाखान्यांत पाऱ्याच्या अर्ध्या बाटल्या कपाटांत पडून आहेत. त्या दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकता येत नाहीत, कारण ती पिशवी भट्टीत जाते आणि पारा धुरातून गावावर येतो. ज्यांनी पारा विकला त्यांनी तो परत घ्यावा. डीलरची गाडी महिन्यातून एकदा तरी येतेच. परतताना ती रिकामी असते.

आता तुमच्याकडून काय हवं ते स्पष्ट लिहिते. येत्या ‘एक्स्पोडेंट’मध्ये एक दालन असं असावं, जिथे विजेचं एकही बटण नसेल: एआरटीची हाताची अवजारं, देशी घट्ट ग्लास आयोनोमर, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या दंत शल्यचिकित्सकांना तिथे बोलावून दिलेलं प्रशिक्षण. दहा दाढांपुरतं छोटं पॅक, शाळेच्या कार्यक्रमासाठी ठरलेल्या एका भावात. मे महिन्यात तापमान दाखवणारी पट्टी लावलेली पार्सलं. नागपूर किंवा मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयाला सोबत घेऊन फ्लोरोसिस झालेल्या दातांवर केलेली चाचणी, आणि तिचे निकाल सगळ्यांसाठी खुले. यातलं काय करता येईल, कधीपर्यंत, आणि काय करता येणार नाही, हे तुम्ही लेखी कळवावं. चाचणीसाठी आमच्या तालुक्यातली गावं, शाळा आणि पेशंट यांची व्यवस्था मी आणि इथले सहकारी करू.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक दंतवैद्य