आईचे नाव ठाऊक असले की निकाल उघडतो

माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

13 मे 2025. दुपारी एकला दहावीचा निकाल लागला आणि पावणेदोनला माझा फोन वाजला. पलीकडच्या तरुणाने मला नावाने हाक मारली. "मॅडम, मुलीला विज्ञानात 91 ना? आमची नीटची बॅच सुरू होतेय." मुलगी अजून शेजारी पेढे द्यायला गेलेली होती. गुण कुठून कळले, असे विचारताच त्याने फोन ठेवला.

मंडळाने यादी दिली असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण निकाल उघडायला लागते काय? बैठक क्रमांक आणि आईचे नाव. बैठक क्रमांक ओळीने दिलेले असतात. आईचे नाव शाळेच्या रजिस्टरात असते, क्लासच्या अर्जावर असते, स्कूलव्हॅनवाल्याच्या वहीतही असते. त्या दिवशी 15,46,579 मुलांच्या गुणपत्रिकांना एवढेच कुलूप होते. बारावीची आणखी 14,17,969 मुले. त्यात तुमच्या पत्रकात सरकारी संकेतस्थळांच्या जोडीला खासगी वृत्तसमूहांचे पत्तेही असतात. तिथे मुलांची माहिती कोणत्या अटींवर जाते, किती दिवस राहते, नंतर कोण पुसते? पालकाने हे कुठे वाचायचे?

दार उघडे ठेवल्यावर काय होते ते ब्रिटनमध्ये दिसले आहे. तिथल्या शिक्षण खात्याकडे 2 कोटी 80 लाखांपर्यंत विद्यार्थ्यांच्या नोंदी होत्या आणि 12,600 संस्थांना त्या पाहता येत होत्या. त्यातल्या एका खासगी कंपनीने मुलांच्या नोंदी वापरून जुगाराच्या कंपन्यांसाठी वय तपासून दिले. 2022 मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी खात्यावर जाहीर ठपका ठेवला.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई केली, दंड 200 कोटींपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला आणि मुख्य तरतुदींना आणखी 18 महिन्यांची मुदत. तोवर ही मुले कोणाच्या भरवशावर?

पारदर्शकतेचे कारण देऊ नका. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीटचे निकाल केंद्रनिहाय जाहीर करायला लावले, पण उमेदवारांची ओळख झाकूनच. शाळेचा, जिल्ह्याचा निकाल खुशाल छापा. मुलीचे गुण तिचे आहेत. ते उघडायला नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवा आणि खासगी संकेतस्थळांशी केलेले करार पालकांसमोर ठेवा. करारच नसतील तर पुढच्या पत्रकातून ते पत्ते काढा. या पत्राचे उत्तरही जाहीर द्या, कारण तसा फोन माझ्या एकटीलाच आलेला नाही.

दहावी झालेल्या एका मुलीची आई